मोगऱ्याचा ताण, भेदऱ्याचा भार

घरात धान भरपूर होतं, आणि तरीही सुनेच्या ताटात मूठभरच भात होता.

पौष लागला होता. प्राणहितेवरचं धुकं रोज पहाटे अहेरीच्या गल्ल्यांत शिरायचं, कुडाच्या भिंतींना गाल लावून बसायचं आणि ऊन वर आलं की पुन्हा नदीकडे निघून जायचं. नव्या धानाचा वास घराघरांत भरला होता. सुगंधाबाईंच्या कोठ्याही काठोकाठ होत्या. मुलगा नथ्थू लाकूडतोडीच्या कामावर भामरागडकडच्या जंगलात गेलेला, आणि त्याची बायको अन्नपूर्णा दोन जिवांची.

राजुऱ्याहून सुगंधाबाईंची थोरली नणंद गुणाबाई चार दिवस राहायला आली होती. तिनं सुनेसाठी बाजूला वाढून ठेवलेलं ते ताट पाहिलं आणि आपला घास खाली ठेवला.

"काऊन वं सुगंधा, पोरीले एवढंच?"

"बाई, सातवा लागला तिले. आता पोट मारूनच खा लागते. पोटभर खाल्लं तं लेकरू मोठं होते, अन् मोठं झालं तं अडते. सासूबाईनं मलेही असंच ठेवलं होतं. तुमचीच माय होती ते!"

"माही माय होती म्हून तं बोलून राह्यली. दुसऱ्याची असती तं गुमान जेवली असती."

अन्नपूर्णा पदराआड हसली. हसताना तिचे डोळे मात्र गुणाबाईच्या ताटातल्या भातावर होते.

सुगंधाबाई दुष्ट नव्हत्या हो! सुनेच्या काळजीनं त्यांची झोप उडाली होती. पण त्यांचा जीव जसा सुनेवर, तसाच अंगणातल्या मोगऱ्यावर. आणि त्या मोगऱ्यानं त्यांना एक गोष्ट शिकवली होती. मार्गशीर्षात त्या मोगऱ्याचं पाणी तोडायच्या, पानं खुडायच्या, मुळाशी माती मोकळी करून त्याला उन्हात तसाच ठेवायच्या. शेजारणी म्हणायच्या, "मारलं झाड!" मग माघात शेणखत, भरपूर पाणी. आणि चैत्रात असा बहर, की चांदण्या रात्री वाटावं, आभाळच अंगणात उतरून निजलंय. साऱ्या गल्लीतल्या लेकी वेण्या घेऊन जायच्या.

"ताण देल्ल्याबिगर बहर नाई येत, बाई," त्या म्हणाल्या. "झाडाचं तसं बाईचं."

"अन् मागच्या दारचं भेदरं? त्यालेही ताण देल्ला का?"

"देल्ला ना! मोगऱ्यावानी लदबदून येईन म्हटलं."

गुणाबाई उठली. "चाल, दाखव मले."

न्हाणीच्या दगडापाशी टमाटरचं ते झाड आपोआप उगवलं होतं. आपल्याकडे त्याला भेदरं म्हणतात. आंघोळीच्या पाण्यावर ते वाढलं आणि फळांनी भरलं. मग सुगंधाबाईंनी मातीचा बांध घालून ते पाणी दुसरीकडे वळवलं. आता पानं आवळून आली होती. फांद्या जमिनीवर लोळत होत्या. फळं दिसायला लाल, पण प्रत्येकाचं बूड काळं, खोल दबलेलं. गुणाबाईनं फांदीला नुसतं बोट लावलं, तर दोन पिवळी फुलं गळून पडली.

ती खाली बसली. लहान मुलाला उचलावं तशी तिनं एक फांदी हातावर घेतली.

"पाह्य सुगंधा. मोगरा थंडीत निजते. त्याच्या अंगावर ना कळी, ना फळ. निजल्याले पाणी नाई देल्लं तं त्याचं काई जात नाई, उठल्यावर पेते. पण हे भेदरं निजलं नाई वं! एका फांदीवर फूल, एकीवर हिरवं फळ, एकीवर पिकलेलं. साऱ्यायले ते एकटंच पाजून राह्यलं. त्याच्या तोंडचं पाणी तोडलं तं लेकरायच्या तोंडचं तुटलं ना!"

"पण मोगरा..."

"मोगऱ्याची फांदी कडक. कोनी नाई धरलं तरी उभा राह्यते. भेदऱ्याचं अंग नरम. जेवढं जास्त फळ, तेवढं ते खाली वाकते. त्याले काडी लावा लागते, बांधा लागते. फुलाचे लाड कर, मी नाई म्हणत नाई. पण भार कोनावर हाय, ते तं पाह्य!"

धुकं केव्हाच गेलं होतं, तरी सुगंधाबाईंना समोरचं नीट दिसेना.

गुणाबाईचा आवाज हळू झाला. "तुले तुही पह्यली पोरगी आठवते का? मुठीएवढी होती. रडलीसुद्धा नाई. सारे म्हणत होते, बाळंतपण किती सोपं झालं!"

"झाडाचं अन् माणसाचं एक करू नका, बाई!" सुगंधाबाई ताडकन उठल्या आणि घरात निघून गेल्या. संध्याकाळी अन्नपूर्णेच्या ताटात पुन्हा मूठभरच भात पडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जातं फिरू लागलं. घरघर आणि ओवी. सुगंधाबाई गोधडीत अर्धवट जाग्या होत्या.

*नदीबाई प्राणहिते, तुह्या पाण्यावरी धुकं,*
*पल्याडच्या माहेराचं घर दिसे मुकं मुकं.*

त्या आवाजावर त्या तरंगत होत्या. स्वप्नात एक इवलीशी पोर धुक्यातून येत होती. तिला चेहरा नव्हता, फक्त मिटलेली मूठ होती. ओवी पुढे सरकली.

*पोटातल्या रे पाखरा, तुले काय मी भरवू...*

आणि तिथंच थांबली. जातंही थांबलं.

सुगंधाबाई वाट पाहत राहिल्या. दुसरी ओळ आलीच नाही.

"अन्नपूर्णे!" त्या धावल्या. पोरगी जात्यावर कलंडली होती. हात खुंट्यावर तसाच, कपाळाला पिठाचा पांढरा डाग, ओठ कोरडे. गुणाबाईनं तिच्या तोंडावर पाणी शिंपडलं. सुगंधाबाईंनी तिला मांडीवर ओढलं, तशी तिच्या ओटीतून भेदरं घरंगळली. काळ्या बुडाची. एक अर्धं खाल्लेलं, काळा भाग सोडून चहूबाजूंनी कुरतडलेलं.

अन्नपूर्णेनं डोळे उघडले. आधी तिनं ती फळं पदराखाली लपवायला हात नेला, मग सासूकडे पाहिलं.

"भूक लागली होती, आत्याबाई. खराब झाले होते, म्हून घेतले. चांगल्याले हात नाई लावला."

"माय वं!" सुगंधाबाईंच्या तोंडून हंबरडाच फुटला. "कोठ्या भरल्या माह्या घरी, अन् माही लेक सडकं खाऊन राह्यली! अन् माफी मलेच मागून राह्यली! बाई, मी हे काय केलं वं?"

"आता रडू नको. चूल पेटव," गुणाबाई म्हणाली.

त्या सकाळी सुगंधाबाईंनी आधी पेज पाजली, मग मऊ भात, वरण आणि दूध. सुनेनं सगळ्यांमागून जेवायचं ही घराची रीत त्या दिवशी मोडली, ती कायमची. ऊन आल्यावर बैलगाडी जुंपून त्यांनी तिला दवाखान्यात नेलं. नर्सबाई म्हणाल्या, "रक्त कमी आहे. पोटभर खाऊ घाला आणि जड काम बंद करा." परतल्यावर सुगंधाबाईंनी न्हाणीचा बांध स्वतःच्या हातांनी फोडला.

गावाला विषय मिळाला. विहिरीवर शेजारच्या शकुबाईनं टोमणा मारलाच, "काय वं, तुह्या घरी सून आधी जेवते म्हणे! उद्या तिचे पायही चेपशीन!"

"चेपीन ना! सुजले तं चेपीन. तूही ये, एक पाय तू धर."

विहिरीवरच्या बाया खदखदून हसल्या. शकुबाईही हसली, पण घागर उचलताना तिनं हळूच विचारलं, "खरंच का वं, पोटभर खाल्लं तं नाई अडत?"

फाल्गुनात पळस फुलला, तेव्हा अन्नपूर्णा बाळंत झाली. मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. शकुबाई दारात आली, "सोपं झालं का वं?"

सुगंधाबाईंचे डोळे जागरणानं लाल होते. "सोपं नाई झालं," त्या म्हणाल्या. "पण दोघी हायेत!"

वाचकहो, पोट मारलं की बाळंतपण सुटतं, ही समजूत आपल्या घराघरांत मायेच्या रूपानं राहते, म्हणून तर ती ओळखू येत नाही. तिनं किती पाळणे रिकामे ठेवले असतील, कोण मोजणार? जो भार वाहतो, त्याला ताण नको, आधार हवा. आज संध्याकाळी ताटं मांडाल, तेव्हा घरात जी दोन जिवांची असेल तिला पहिली हाक मारा, आणि तिचं पोट भरेपर्यंत तिच्याजवळ बसा.