लाल राक्षस खोक्यात गेला

"नको गो मांडू तो राक्षसांचा खेळ, पोर दचकेल," शेजारी लेकीकडे राहायला आलेल्या सोनूबाईंनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. माझ्या भावाने, दत्तारामने, बोटीवरून येताना तो जपानी खेळ आणला होता. राक्षसांच्या गुहेतून सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं. एक जण जरी आत राहिला, तरी सगळेच हरले. पण त्यातला शिंगवाला लाल राक्षस पाहिल्यापासून माझी सहा वर्षांची मृणाल माजघरात एकटी पाऊल टाकेना.

म्हणून काल मी सोनूबाईंनाही खेळायला बसवलं. मी नि मृणाल गुहेच्या दारापर्यंत पोचलो. सोनूबाईंची सोंगटी मागे अडकली, आणि मध्ये तोच राक्षस.

"मी म्हातारी ऱ्हाते हितंच. तू जा गो बाय!"

"मग आपण हरू ना, आजी!"

मृणालने सोंगटी मागे फिरवली. राक्षस मारायला सहाच पडायला हवे होते; तिने डोळे मिटून फासा टाकला. सहा! राक्षस मेला, आजी सुटली. मग मृणालने राक्षसाला खोक्यात कोंबलं आणि खोका माजघरात नेऊन ठेवला. एकटीने! सोनूबाईंनी नुसत्या टाळ्या पिटल्या.

आज त्या पूर्णगडला आपल्या घरी गेल्या. तिथे त्या एकट्याच असतात, गुडघाही धड नाही. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल, तर जरा डोकावून या. कुठे अडकल्या नाहीत ना, तेवढं बघा.