आठशे मीटरची तिसरी मुलगी

दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी टेकडीवरच्या मोठ्या शाळेची पांढरी गाडी आमच्या फाटकाशी येऊन थांबते, आणि मला कळतं की यंदाही माझं एक पोर जाणार. त्यावर चिडायचंही मी आता सोडून दिलंय. चिडायला अंगात ताकद लागते, आणि ती मला पाचवीच्या वर्गांना रांगेत उभं करण्यासाठी जपून वापरावी लागते.

मी सरकारी शाळेत पीटीची बाई आहे. मैदान म्हणाल तर अर्धंच. उरलेल्या अर्ध्यात नव्या स्वच्छतागृहाच्या विटा रचून ठेवल्या आहेत, आणि ते स्वच्छतागृह माझ्या निवृत्तीआधी उभं राहील असं काही मला वाटत नाही. धावपट्टी आम्ही चुन्याने आखतो. मोठ्या शाळेत लाल रबरी ट्रॅक आहे, पाय चोळून द्यायला माणूस आहे, मुलांनी काय खावं ते सांगायला एक वेगळ्या बाई आहेत. क्रीडा अकादमीसाठी मुलं निवडणारे साहेब लोक वर्षातून एकदाच येतात, आंतरशालेय स्पर्धा बघायला, आणि ती स्पर्धाही त्याच लाल ट्रॅकवर होते. खेळात पुढे जायचं तर वाट एकच, आणि ती टेकडीवरून जाते.

त्या वर्षी गाडी भिंगरीसाठी आली होती.

भिंगरी हे नाव मीच ठेवलेलं. ही मुलगी पाणी प्यायलासुद्धा पळत जायची आणि पळत यायची. आठशे मीटर तिची शर्यत. पहिल्या फेरीत कुणाच्या तरी मागे गपगुमान राहायची आणि दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर अशी काही सुटायची की आरडाओरडा करणारी पोरंही तोंड उघडं टाकून बघत राहायची. इतक्या वर्षांत मी चांगली पळणारी मुलं पुष्कळ पाहिली. पळताना खूश दिसणारी ही एकच. बाकीची सगळी दात विचकून पळतात.

तिचे वडील दुकानांची शटरं दुरुस्त करतात. संध्याकाळी ते माझ्या घरी आले, पण खुर्चीवर बसेनात. अंगावरच्या कपड्यांना ग्रीस होतं.

"बाई, फी माफ म्हणतात," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "बूट देणार, कपडे देणार, दुपारचं जेवण देणार. एवढं सगळं फुकट कोण देतं?"

"त्यांना शील्ड पाहिजे असते," मी म्हणाले. "पोरगी आपली, शील्ड त्यांची. पण तिथला ट्रॅक खरा आहे. माझ्या विटांपेक्षा बरा."

"मग पाठवू?"

"पाठवा. आणि आता बसा हो, खुर्ची पुसता येते."

मोठ्या शाळेचा कोच माझाच जुना विद्यार्थी. शाळेत त्याला सगळे लंबू म्हणायचे. आता कोचसर म्हणतात, पोटही सुटलंय. भिंगरीचा दाखला न्यायला तो स्वतः आला आणि दहादा म्हणाला, "बाई, काळजी करू नका, आपलीच पोर आहे ती." तो मुळात वाईट नाही. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

थंडी पडू लागली तेव्हा एका रविवारी भिंगरी माझ्या घरी आली. अंगात निळा ट्रॅकसूट, पायात असले बूट की दाराबाहेर काढून ठेवायची मलाच भीती वाटावी. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ती मला एकेक चिमटा देऊ लागली. चिमटे संपत आले तेव्हा म्हणाली, "बाई, मला चालायला लावलंय."

"शिक्षा केली का?"

"नाही हो. चालण्याची शर्यत. माझं नाव तिच्यात दिलंय."

ही शर्यत ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. भरभर चालायचं, पण एक पाय तरी सतत जमिनीला टेकलेला हवा, आणि पुढचा पाय टेकताना गुडघा ताठ. दोन्ही पाय हवेत गेले की पंच लाल कार्ड दाखवतात. त्यामुळे सगळा जोर कमरेत येतो आणि माणूस चमत्कारिक डुलत जातो. भिंगरीने ओल्या चादरींच्या मधून मला चालून दाखवलं, इकडून तिकडे आणि परत. मला हसू आवरेना. तीही हसली. मग तिचं हसू माझ्याआधी थांबलं.

"आणि आठशे?" मी विचारलं.

"आठशेला एका शाळेच्या दोनच मुली घेतात. मी तिसरी."

"सरावात तिसरी येतेस?"

"नाही. सरावात पहिली येते. पण मी तिसरी आहे."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी टेकडी चढले. माझे गुडघे आता चढाला कुरकुर करतात, म्हणून मधे दोनदा कठड्यावर बसले आणि बसल्याबसल्या लंबूला काय काय सुनवायचं ते ठरवलं.

तो शील्डांच्या काचेच्या कपाटाखाली बसला होता. मी सुनवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि त्यानेच माझी पंचाईत झाली. भांडायला समोरून काहीतरी यावं लागतं.

"बाई, त्या दोघी पहिलीपासून इथे आहेत," शेवटी तो म्हणाला. "एकीचे आजोबा शाळेच्या समितीवर. दुसरीच्या वडिलांनी हा ट्रॅक करून दिला. मी त्यांना काय सांगू, तुमच्या ट्रॅकवर तुमची मुलगी पळणार नाही?"

"भिंगरी त्यांच्या पुढे येते ना?"

"येते. थोडी पुढे येते."

"मग चालायला त्यांना लाव."

"तसं डुलत चालायला इथे कुणाची आई तयार होते?" तो थकून हसला. "मी विचारून बघितलं, बाई. खरंच विचारलं."

मला एकाएकी शंका आली. "घेताना तुला माहीत होतं ना? दोनच मुली जाणार, दोघी ठरलेल्या. मग हिला घेतलीस कशाला?"

तो टेबलावरची शिट्टी फिरवत बसला. मग खाली मान घालून म्हणाला, "तुमच्याकडे राहिली असती, तर आमच्या मुलींच्या समोर पळाली असती."

मी उठले. त्याने पाणी विचारलं, ते मी घेतलं नाही. उतरताना मात्र तहान लागली.

परत आणावं म्हटलं तर तेही धड नव्हतं. वर्षाच्या मधेच शाळा बदलली की पुढचं वर्षभर स्पर्धेत उतरता येत नाही, आणि वर्षभराने अकादमीसाठी तिचं वय उलटून जाणार. म्हणजे आमच्याकडे आली तर काहीच नाही, तिथे राहिली तर निदान चालणं. मी हे तिच्या वडिलांना त्यांच्या दुकानात सांगितलं. एक शटर अर्ध्यात अडकलं होतं, ते खांद्याने उचलून धरत त्यांनी ऐकलं.

"चालून का होईना, आत जाऊ दे बाई," ते म्हणाले. "एकदा आत शिरली की मग पळू देतीलच की. नाही का?"

"देतील," मी म्हणाले. मला तसं वाटत होतं की नव्हतं, ते आता सांगता येत नाही. दमले होते एवढं खरं.

आंतरशालेय स्पर्धेत चालण्याची शर्यत भल्या सकाळी उरकून घेतात, मंडप भरायच्या आत. थोडीफार माणसं होती, तीही हसत होती. गॉगल लावलेल्या एक बाई मोबाइलवर चित्रण करत होत्या आणि मधेच त्यांचा हात हसण्याने हलत होता. भिंगरीने वर पाहिलं नाही. मान ताठ, गुडघे ताठ, कोपर अंगाला चिकटलेले. तिने सगळ्यांना इतकं मागे टाकलं की पंचांना कार्ड दाखवायला दुसऱ्या मुली शोधाव्या लागल्या. एखादी गोष्ट करायची म्हटली की ही मुलगी ती हातचं राखून करत नाही, आणि त्या क्षणी मला तिचा हाच गुण नकोसा झाला.

आठशेची शर्यत दुपारी झाली. भिंगरी माझ्या शेजारी येऊन बसली. मोठ्या शाळेच्या त्या दोघी पोरी काही वाईट नव्हत्या. त्यांतली एक तर इतकी ओढून पळाली की संपल्यावर कडेला जाऊन ओकली. तिच्यावर राग धरावा असं मला फार वाटत होतं, पण जमेना. शेवटच्या वळणावर मात्र भिंगरीने माझा दंड घट्ट धरला.

"आत्ता," ती म्हणाली. "आत्ता सुटायला पाहिजे."

कुणी सुटलं नाही. त्या दोघी होत्या त्याच चालीने आल्या, पहिली आणि दुसरी. भिंगरीने माझा दंड सोडला आणि टाळ्या वाजवल्या.

अकादमीने मोठ्या शाळेच्या तिघींना निवडलं. त्या दोघी आठशेला, भिंगरी चालण्याला. शील्ड कपाटात गेली. लंबूने मला फोन करून बातमी सांगितली आणि मी त्याचं अभिनंदनही केलं, कारण तो फोन ठेवायलाच तयार नव्हता. भिंगरीच्या वडिलांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं की पोरगी अकादमीत चालली. लोकांनी विचारलं, कशात? ते म्हणाले, खेळात.

ती जायच्या दिवशी मीही बसस्थानकावर गेले. तिच्या वडिलांनी तिची बॅग टपावर चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. आईने डबा दिला, सूचना दिल्या, त्याच सूचना परत दिल्या. बोलण्यासारखं सगळं बोलून झालं आणि बस काही सुटेना, तेव्हा आम्ही तिघं उगाच बसच्या चाकांकडे बघत राहिलो. भिंगरी खिडकीत बसली होती. एकदम ती ओरडली, "माझे कागद!" निवडीच्या कागदांची पिशवी तिकीट खिडकीजवळच्या बाकावर राहिली होती. कुणी हलायच्या आत ती उतरून गेलीसुद्धा.

तेवढ्यात ड्रायव्हरने बस सुरू केली. कंडक्टरने घंटी मारली, वडिलांनी दाराचा दांडा धरून आरडाओरडा केला, बस थोडी सरकली. पलीकडून भिंगरी पिशवी छातीशी धरून येत होती.

"पळ!" तिचे वडील ओरडले. "अगं पळ ना!"

ती येत होती. खूप वेगात येत होती, हमाल बाजूला होत होते. पण मान ताठ होती, गुडघे ताठ होते, आणि एक पाय टेकल्याशिवाय दुसरा जमिनीवरून सुटत नव्हता. कंडक्टर बाहेर डोकावून हसायला लागला. वडिलांनी पुन्हा ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं.

तिने दांडा पकडला, पायरीवर चढली आणि धापा टाकत आमच्याकडे वळली. चेहरा लाल झाला होता.

"केवढे ओरडता, बाबा," ती म्हणाली. "पळतच तर आले!"

ते माझ्याकडे बघू लागले.

"हो गं," मी म्हणाले. "पळतच आलीस."