सेलोला दिलेली धुरी

विजयमालाकाकूंनी माझ्या सेलोला गंधकाची धुरी दिली, आणि तीही प्रेमाने दिली, म्हणून मला त्यांच्यावर धड ओरडताही येईना.

काकू म्हणजे धैर्यशीलची आई. धैर्यशील आमच्या बँडचा गिटारवाला. तासगावजवळ त्यांचं बेदाण्याचं शेड आहे आणि शेडच्या टोकाला एक घट्ट बंद होणारी खोली. हंगामात तिथे गंधक जाळून बेदाण्याला धुरी देतात. माल पिवळाधमक राहतो, बुरशी धरत नाही. एरवी खोली रिकामीच. बाहेरचा आवाज आत येत नाही म्हणून आम्ही आमची रेकॉर्ड तिथे करत होतो. प्रोग्रेसिव्ह रॉक, आणि मधोमध माझा सेलो, व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ. पाच मात्रांत चाललेलं गाणं न सांगता सातात शिरतं, मग ड्रम थांबतात आणि सेलो एकटा उरतो, असा सगळा कारभार. एवढी वर्षं शास्त्रीय शिकून शेवटी हे का, असं घरचे विचारायचे. मी कानाआड करायचे.

सेलो खरं तर माझा नव्हता. साताऱ्याच्या गोपाळकृष्ण सरांचा. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून त्यांनी मला पाश्चात्त्य शास्त्रीय वादन शिकवलं, आणि स्वतःचा हात थरथरायला लागल्यावर वाद्य माझ्या स्वाधीन केलं. गिटार-ड्रमचं ऐकून त्यांनी नाक मुरडलं, पण अडवलं नाही. जपून वापर, एवढंच म्हणाले.

मी जपलंही. ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी चढायला लागलं, माझं घर नदीच्या बाजूला, म्हणून सेलो तासगावला त्या खोलीत नेऊन ठेवला आणि निर्धास्त झाले. पण पाऊस हटेना, हवा दमट. काकूंनी झाडायला म्हणून खोली उघडली, तर सेलोच्या पेटीत आणि त्याच्या पाठीवर पांढरी बुरशी. मग त्यांनी त्यांना ठाऊक असलेला उपाय केला.

“बुरशी धरली हुती गं पोरी. आमच्या मालाला देती तशी धुरी दिली बघ. आता काय बी हुत न्हाई त्याला,” त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

तारा काळ्या पडल्या होत्या. पॉलिश धुरकट, हाताला चिकट. नव्या तारा चढवल्या, मिरजेच्या कारागिराला दाखवला, त्याने नकारार्थी मान हलवली. जो खालचा स्वर पूर्वी छातीत उतरायचा, तो आता घसा बसल्यासारखा यायचा. रेकॉर्डचा शेवटचा भाग राहिला होता, नेमका सेलोच्या एकट्याचा. धैर्यशील माझ्याशी बोलायला बिचकत होता. पण रेकॉर्डची चिंता मला तेवढी नव्हती. सरांना हे कोणत्या तोंडाने सांगू, यानेच माझी झोप उडाली होती.

आणि त्यांचाच फोन आला. हात जरा बरा वाटतोय, एकदा वाजवून बघायचंय, सेलो घेऊन ये.

साताऱ्याला पोचले तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत तयार बसले होते. मी सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी सेलो ओढून घेतला आणि गज तारेवर ठेवला. मला पहिल्या वर्षी शिकवलेली संथ रचना होती. आवाज फाटका आला. त्यांनी पुन्हा सुरू केली, पुन्हा तसाच. मग गज खाली ठेवला.

“संपलं गं, ज्ञानदा. आता हे माझ्यापुढे आणू नकोस.”

गप्प बसले असते तर मी सुटले असते. तो विचार मनात आला, नाही कशाला म्हणू. पण सेलोचं दुखणं ते स्वतःच्या माथी घेऊन बसले होते, ते मला बघवेना. पूर, खोली, बुरशी, धुरी, सगळं सांगून टाकलं. त्यांनी धुरकट पॉलिशवरून बोट फिरवलं आणि विचारलं, आधीचं काही रेकॉर्ड केलेलं आहे का.

मी फोन काढला, हेडफोन त्यांच्या कानाला लावले. गिटार, ड्रम, सगळं त्यांनी नाक न मुरडता ऐकलं. सेलो एकटा उरला तेव्हा डोळे मिटले. आता ते चिडतील म्हणून मी वाट बघत होते. चिडावं असं मला मनापासून वाटत होतं.

त्यांनी हेडफोन काढले आणि माझं मनगट धरलं. त्यांचा हात थरथरत होता, थांबतच नव्हता.

“म्हणजे बिघाड सेलोत आहे,” ते म्हणाले. “माझा हात बरोबर पडत होता ना?”

पडत नव्हता. बोटं जवळजवळ प्रत्येक स्वराला घसरत होती. मला ते कळत होतं, कारण माझा कान त्यांनीच तयार केला होता.

“हो सर,” मी म्हणाले. “हात अगदी बरोबर होता.”

त्यांनी खुशीत मान डोलावली आणि पुन्हा गज उचलला.