तिसऱ्या तारेपर्यंत

"वहिनी, आता तरी खरं सांगा. होता की नव्हता?"

फिटरनं खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. दारवान खिडकीपाशी उभा होता. दोघंही ह्यांच्याबरोबर साबणाच्या कारखान्यात होते. हे बॉयलरवर, फिटर वर्कशॉपात, दारवान फाटकावर. आता तिघंही घरी बसलेले. डॉक्टरांनी "घरीच असू द्या" असं सांगून ह्यांना परत पाठवलं, त्याला आठ दिवस झाले होते. भेटायला येणारे काय बोलावं म्हणून घुटमळत. ह्या दोघांनी मात्र आल्या आल्या माशाचा विषय काढला.

"चारफुटी, दाखव रे एकदा," दारवान म्हणाला.

ह्यांनी पांघरुणावरचे हात उचलले आणि पसरले. अंतर नेहमीचंच होतं. "एवढा," हे म्हणाले. तेवढ्यानंही धाप लागली.

"बघा! श्वास पुरत नाही, पण थाप सोडत नाही गडी."

"आणि जाळी म्हणे घरी विसरला," फिटर म्हणाला. "अरे, मासे धरायला जाणारा माणूस जाळी विसरतो? उद्या म्हणशील, कामावर गेलो आणि बॉयलर घरी राहिला."

तिघंही हसले. ह्यांच्या हसण्याचा खोकला झाला. मी पाणी पाजलं. इतकी वर्षं हा विषय निघाला की मी कसलं तरी काम काढून आत जात असे. कुणी विचारलंच तर सांगायचे, "मी डबा उघडत होते हो. मला काय ठाऊक?"

तो मासा निसटला तेव्हा तळ्याच्या काठावर आम्ही दोघंच होतो. मी पाहिलं नाही म्हटल्यावर ह्यांचा शब्द एकटा पडला. चारफुटी हे नाव पडलं ते असं. कँटीनमध्ये, फाटकावर, मुलीच्या लग्नातसुद्धा कुणीतरी हात पसरून "केवढा होता हो?" विचारायचंच. हे निवृत्त झाले त्या दिवशी फिटरनं पत्र्याचा चार फुटी मासा कापून भेट दिला. सगळे पोट धरून हसले. हेही हसले. घरी आल्यावर ह्यांनी टेप काढून तो पत्रा मोजला आणि म्हणाले, "बरोबर कापलाय."

सगळ्यांचे निसटलेले मासे वर्षागणिक वाढतात. ह्यांचा कधी बोटभरही वाढला नाही.

बॉयलरपाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. सहा दिवस ओरडून हे घरी आले की घरातही ओरडूनच बोलत, नाहीतर बोलतच नसत. "मीठ!" "टॉवेल!" एवढंच. पण रविवारी तळ्यावर ओरडून चालत नसे, मासे पळतात. तिथे हे हळू बोलायचे. लहानपणचं सांगायचे, आईचं सांगायचे, मला काय वाटतं ते विचारायचे. मी मासे धरायला कधी गेलेच नाही. मी तो आवाज ऐकायला जात होते.

जाळी धरायचं काम माझं. लांब दांड्याच्या टोकाला लोखंडी कडं, कड्याला जाळी. दांडा एकदा चिरला, तेव्हा ह्यांनी त्याला तीन ठिकाणी तांब्याची तार घट्ट गुंडाळली होती. पहिल्याच दिवशी ह्यांनी शिकवलं, "जाळी नेहमी डोक्याकडून घालायची. मासा आपणहून आत शिरतो. शेपटीला कडं लागलं की संपलं. दमलेला मासासुद्धा उसळी मारतो."

त्या रविवारी मासा लागला तो सकाळीच, आणि काठाशी यायला दुपार झाली. ह्यांची बोटं दोरीनं कापली होती. मी गुडघाभर पाण्यात जाळी घेऊन उभी. आणि हे आनंदानं बोलू लागले, अगदी हळू.

"एवढाच हवा होता गं मला. हा आला की सुटलो. गळ माळ्यावर टाकतो. फोरमन रविवारची पाळी केव्हाची देतोय, ती घेऊन टाकतो."

तेवढ्यात तो वर आला. दमून कुशीवर पडलेला, काळा, लांब मिशांचा. माझ्या दांड्याला समांतर पडला. त्याचं डोकं माझ्या हातापाशी होतं. डोळा माझ्याकडे होता. जाळी मागे घेऊन डोक्यापुढे धरायला मला सवड होती. पुरेशी सवड होती.

मी ती पुढे ढकलली. कडं शेपटीला लागलं.

एकच फटका. माझं तोंड पाण्यानं भरलं, दोरी तुटली, आणि ह्यांच्या हातातली काठी हलकी होऊन वर उडाली. हे पाण्याकडे बघत राहिले. मग माझ्या हातातून जाळी घेतली, झटकली आणि म्हणाले, "भिजलीस. चल."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात ह्यांनी सांगितलं, की जाळी घरी राहिली होती, हातानं धरायला गेलो आणि निसटला.

पुढच्या रविवारी हे पुन्हा निघाले. मलाही घेऊन निघाले. पण जाळी दारामागच्या खिळ्यालाच राहिली. मी हात लावला तर म्हणाले, "असू दे." त्यानंतर ती कधीच तळ्यावर गेली नाही. जाळी नव्हती म्हणून आणखी दोन चांगले मासे गेले, तरी नाही. हे हळू आवाजातच बोलायचे, पण आता पाण्याकडे बघून. मला हवे होते ते रविवार मला मिळाले, एकतीस वर्षं मिळाले. जाळी न नेणं ही माफी होती की शिक्षा, हे विचारायचं धाडस मला एकाही रविवारी झालं नाही.

तो मासा मात्र माझ्याकडे येत राहिला. बादलीतून ओली चादर उचलली की तेच वजन मनगटात यायचं. पिळताना चादर हिसका द्यायची. मी हात सोडून मागे सरायचे, आणि मुलगी विचारायची, "आई, काय झालं?"

"वहिनी, गप्प का?" फिटर म्हणाला. "आम्ही काय आज हसायला आलोय का हो?"

त्याचे डोळे ओले होते. ह्यांचे हात अजून तसेच पसरलेले होते, खाली घ्यायचं विसरल्यासारखे.

मी उठले. दारामागून जाळी काढली. वाळून जाळी कडक झाली होती, कडं गंजलं होतं. ती आणून मी ह्यांच्या हातांमध्ये आडवी धरली.

"होता," मी म्हणाले. "मी पाहिलाय. शेपूट इथं, कड्यापाशी. आणि डोकं इथं, ह्या तिसऱ्या तारेपर्यंत."

कड्यापासून तिसरी तार ह्यांच्या हातांच्या बाहेर गेली. बोटभर. मासा ह्यांनी सांगितला त्याहून बोटभर मोठाच होता.

दारवान खिडकीपासून जवळ आला. फिटर वाकून दांड्याकडे बघत होता. तोही उभा जन्म गळ टाकून बसलेला माणूस. त्याचं बोट तारेवरून सरकत कड्यापाशी गेलं आणि थांबलं.

"शेपूट कड्यापाशी?" तो हळूच म्हणाला. "म्हणजे वहिनी, जाळी तुम्ही..."

"जाळी घरी होती रे," हे म्हणाले.

फिटरनं ह्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यानं डोळे पुसले आणि मान हलवली. "हो रे चारफुटी. घरीच होती. किती वेळा सांगशील?"

ह्यांनी हात खाली घेतले. एक हात दांड्यावर पडला, माझ्या हाताशेजारी.

"अगं," हे म्हणाले, रविवारच्या आवाजात, "लाव ना ती जागेवर."

मी जाळी उचलली आणि पुन्हा दारामागे खिळ्याला लावली.