भिंगारदिवे मॅडमची चौकशी

दुसरी नोकरी बघतेय हे आबाशेठला सांगायचं की नाही, यावर मी दोन महिने डोकं पिकवलं. सांगू नये याचं कारण होतं वैजनाथ.

वैजनाथ आमच्याकडं लेथवर होता. सरळ माणूस. एका सोमवारी केबिनमध्ये जाऊन म्हणाला, "शेठ, दुसरीकडं बघायचा विचार चाललाय, तुमच्या कानावर घालावं म्हटलं." शेठ म्हणाले, "बरं केलंस." आणि मंगळवारी चार वाजता सगळी मशीनं बंद करून वैजनाथचा निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, पेढे, फोटो, शेठचं वीस मिनिटं भाषण. वैजनाथ शाल पांघरून तोंड उघडं टाकून उभा. त्या बिचाऱ्याला अजून कुठून मुलाखतीचं बोलावणंसुद्धा नव्हतं. पण शाल-श्रीफळ घेतलेला माणूस बुधवारी डबा घेऊन कामावर कसा येणार? पाच महिने घरी बसला. शेठनं हे मुद्दाम केलं असं नाही हो. आपण मोठ्या मनानं वागलो असंच त्यांना आजही वाटतं. हेच तर अवघड जागेचं दुखणं. माणूस वाईट असता तर मी कधीच तोंडावर सांगून मोकळी झाले असते.

मी भारती भिंगारदिवे, राहणार केडगाव, वय चौतीस. लग्न केलेलं नाही, आणि का नाही ते मला कोणी विचारू नये. नागापूरच्या एमआयडीसीत आबाशेठच्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं क्वालिटी बघते. आम्ही ट्रॅक्टरला लागणारे बुश बनवतो, म्हणजे लोखंडाची बोटाएवढी पोकळ नळकांडी. माझं काम एकच. प्रत्येक लॉट मापायचा, आणि माप चुकलं असेल तर नगावर लाल रंग लावून "नाही" म्हणायचं. नाही म्हणायचाच मला पगार आहे.

दिवाळीच्या तोंडावर मी बाराशे नग नाकारले. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर मशीनवरचा बिभीषण थिनरचा बोळा घेऊन एकेका नगाचा लाल रंग पुसत बसलाय.

"काय चाललंय हे?"

"शेठनं सांगितलंय ताई. एवढं चालतं म्हनले."

मी बाहेर जाऊन टेम्पोपुढं उभी राहिले. अर्धा तास. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, शेठनं हात जोडले, मी हलले नाही. शेवटी बिभीषण येऊन म्हणाला, ताई, शेठ ऐकतो म्हनत्यात, चला दोन घास खाऊन घ्या. मी डबा उघडला तेवढ्यात टेम्पो गेला. महिन्याभरात सगळा माल परत आला. तेव्हा शेठ चारचौघांत मला म्हणाले, "बघ, म्हनलं हुतं का न्हाई, नीट बघत जा."

त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन आईला म्हटलं, बास. आता मी जाणार.

आई म्हणजे भागिरथीबाई. तरुणपणी पंधरा वर्षं उसाच्या तोडीला गेलेली. ती म्हणाली, "जा की. पन सांगून जाऊ नगं. मुकादमाला सांगून कुनी मुकादम बदलतं व्हय?"

"आई, शेठ काय मुकादम आहेत का?"

"मंग कोन हाय?"

मी अर्जाचे कागद शोधायला उठले.

तर मी सुप्याच्या एका मोठ्या कंपनीत अर्ज टाकला. जागा क्वालिटी हेडची, हाताखाली चार माणसं. शेठला सांगितलं, आईला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचंय, आणि मुलाखतीला गेले. मुलाखत घ्यायला तिथले प्लँटचे मुख्य होते, सम्राट साळवे. चाळिशीचा माणूस, शांत बोलणारा. दोन नग माझ्यापुढं ठेवून म्हणाले, यातला कुठला घ्याल? मी मापून म्हटलं, दोन्ही नाही. ते हसले. मला वाटलं, झालं काम.

निघताना म्हणाले, "सध्याच्या ठिकाणी आम्ही थोडी चौकशी करतो. तसा नियमच आहे."

मी हात जोडले. "सर, नोकरीचं नाव काढू नका. आमच्याकडं लगेच सत्कार होतो."

त्यांना कळलं नाही, पण मान हलवली. "नाव निघणार नाही. मी फक्त स्वभाव विचारीन."

आता इथं माझी चूक झाली, हे मी मान्य करते. नगर जिल्ह्यात बिनलग्नाच्या बाईचा नुसता स्वभाव विचारायला फोन आला, तर त्याचा अर्थ काय होतो, हे मला कळायला पाहिजे होतं.

गुरुवारी शेठनं केबिनमध्ये बोलावलं. चेहरा असा की मोठी ऑर्डर मिळाली असावी. "बस. अगं, बस की." नऊ वर्षांत त्या केबिनमध्ये मला कोणी बस म्हटलेलं नव्हतं. मी बसले.

"तुझी चौकशी आल्ती," शेठ हळू आवाजात म्हणाले. "सुप्यावरनं. मी तुला कुठं कमी पडू दिलं न्हाई बघ."

"काय सांगितलंत?"

"म्हनलं, पोरगी म्हंजी गरीब गाय. नऊ वर्सांत आवाज चढवलेला आमी ऐकला न्हाई. कुनाला न्हाई म्हनायचं तर तिला ठावंच न्हाई. समोरचा म्हनल त्याला व्हय. कवा तक्रार न्हाई, कवा हट्ट न्हाई. डोळं झाकून घिऊन जावा म्हनलं."

असल्या बाईला मीसुद्धा कामावर ठेवलं नसतं.

"शेठ, कशासाठी विचारताय, हे तुम्ही विचारलं का?"

"त्यात काय विचारायचं? मला काय कळत न्हाई व्हय? आन नाव सांगितलं सम्राट साळवे. म्हंजी तुमच्यातलंच. कंपनीत हाय म्हनला. बोलनं बी कसं मऊ." मग आणखी हळू आवाजात, "विजयमालानं तर तुझ्यासाठी साडी काढून ठिवलीय." विजयमाला म्हणजे शेठच्या मिसेस.

सम्राट साळवे नावाचा माणूस माझा साहेब असू शकतो, हे शेठच्या डोक्यात सात जन्मांत आलं नसतं. नवरा मात्र लगेच आला. राग यायचा तो आलाच, पण शेठ इतक्या मायेनं बघत होते की तो बाहेर काढता येईना. मी "बरं" म्हणून उठले.

शुक्रवारी साळवे सरांचा फोन आला. अगदी सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, तुमचं काम चांगलं आहे. पण आम्हाला ठाम माणूस हवाय. तुमचे मालकच म्हणाले, ह्यांना नाही म्हणता येत नाही."

"सर, ते खोटं बोलले!"

"तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलले ते."

"चांगलंच तर खोटं बोलले!"

ते म्हणाले, "आमचा निर्णय सोमवारी होईल. त्यांनीच काही वेगळं सांगितलं तर बघू."

म्हणजे करायला गेले एक आणि झालं भलतंच. जे शेठला कळू नये म्हणून मी दोन महिने मूग गिळून बसले, तेच आता शेठला जाऊन सांगायचं. वर विनवायचं की बाबा, माझी बदनामी करा. ही जागा गेली तर सुप्यात दुसरी नव्हती, आणि नागापुरात जिथं जावं तिथं शेठचे दोस्त. पुढची पंचवीस वर्षं लाल रंग लावायचा आणि बिभीषणनं तो पुसायचा, एवढंच माझ्या नशिबी राहिलं असतं.

शनिवारी सकाळी मी केबिनचं दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं. चौकशी लग्नाची नव्हती. नोकरीची होती. मी इथून जायला बघतेय. का, ते तुम्हाला माहीत आहे.

शेठचा पहिला प्रश्न आला, "म्हंजी लगीन न्हाई?"

"नाही."

"अरारा." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "मला सांगायचंस तरी."

"वैजनाथनं सांगितलं होतं."

"त्याचा तर म्या सत्कार केला!"

"तेच म्हणतेय."

त्यांना कळलं की नाही कोण जाणे. मी म्हटलं, "शेठ, साळवे सरांना फोन लावा आणि माझ्याबद्दल खरं सांगा. एवढंच मागणं आहे."

"मी काय म्हनून परक्यापाशी तुझी निंदा करू?"

"करा. मनात असेल ती सगळी करा."

शेठनं माझ्याकडं बघितलं. खिडकीतून मशीनकडं बघितलं. बराच विचार केला आणि अचानक, मला नवल वाटावं इतक्या चटकन, फोन हातात घेतला. मी स्पीकर लावून दिला.

"साळवे साहेब, मी आबासाहेब बोलतोय, नागापूर. त्या दिवशी मी तुमाला सगळं खोटं सांगितलं. ही बाई लई वंगाळ हाय."

"अच्छा," साळवे सर म्हणाले.

"अच्छा न्हाई, ऐका. हट्टी हाय. कुनाच्या बापाला भीत न्हाई. माझ्या सख्ख्या मेव्हन्याचा माल आला, तो बी गेटवरनं परत पाठिवला. दिवाळीत मेव्हना आला न्हाई घरी. केसाएवढा फरक आसला तरी न्हाई म्हंजी न्हाई. म्या हात जोडले, तरी टेम्पोपुढनं हालली न्हाई. जेवायच्या नावाखाली तिला आत न्यावं लागलं, तवा कुठं माल गेला."

"तो माल चांगला होता का?"

शेठ थांबले. माझ्याकडं बघितलं नाही.

"परत आला," ते म्हणाले. "आख्खा. हिचं बरोबर हुतं. हिचं दर वेळी बरोबर आसतं, त्याचाच तर तरास हाय. नऊ वर्सांत एकदा चुकली आसती तर मला जरा बरं वाटलं आसतं. वर तिलाच बोललो चारचौघांत. आता सांगा, आसली बाई तुमाला पायजे का?"

"एक तारखेपासून येऊ शकतील का त्या?" साळवे सर म्हणाले.

शेठनं फोन डोळ्यांपुढं धरून त्याच्याकडं बघितलं, जणू तोच बिघडलाय. "विचारून सांगतो," म्हणाले आणि ठेवून दिला.

"इतकं ऐकून बी घेत्यात तुला. येडी हायेत का ती मान्सं?"

"नाही," मी म्हटलं.

"मला वाटलं हुतं, खरं सांगितलं की नगं म्हनतील."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. "म्हणजे मी इथंच राहावं म्हणून तुम्ही खरं बोललात?"

"मंग?" शेठ उखडलेच माझ्यावर. "चांगल्या घरी पडावीस म्हनून खोटं बोल्लो. हितंच ऱ्हावीस म्हनून खरं बोल्लो. दोन्ही बी तुझ्याच पायी बोल्लो ना? आन तू निघालीस. जा."

बाहेर मशीनं चालू होती. शेठ टोपी उचलून हातात फिरवत बसले, डोक्यावर ठेवेनात. मला म्हणायचं होतं की "हिचं बरोबर हुतं" हेच एकदा माझ्या तोंडावर म्हणाला असतात, दिवाळीनंतर, चारचौघांत, तर मी सुप्याचा रस्तासुद्धा विचारला नसता. शब्द अगदी ओठावर आले होते. आणि सगळ्या वर्कशॉपला उलट बोलणारी मी, नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या माणसापुढं गप्प बसले.