ताठ टायर

गाडी विकायचं ठरलं, तेव्हा गाडीच्या मालकिणीला कुणी विचारलंच नाही. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत उभी होती आणि बाहेरच्या खोलीत नवरा आपल्या आईला सांगत होता, "महिनाअखेरच्या रविवारी एक गृहस्थ बघायला येतायत. ही गेली की मोठी, मऊ गाडी घेऊ. तुला चढायला-उतरायला सोपी."

हातातल्या सुरीसकट ती दारात आली. "मला सांगायचं राहिलं वाटतं."

"सांगणारच होतो."

"कधी? गाडी फाटकाबाहेर गेल्यावर?"

"ती सुरी खाली ठेव आधी," सासूबाई म्हणाल्या.

जीभ कितीही चालली तरी आपली बाजू लंगडी आहे, हे तिला ठाऊक होतं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं. आता आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात न्यावं लागे. तिची लाल, बुटकी गाडी वळणावर मांजरीसारखी चपळ होती, पण खड्डा आला की दगड. प्रत्येक गतिरोधकावर सासूबाई "आई गं" म्हणत आणि ते "आई गं" थेट सुनेच्या काळजात रुतत असे. बाईंना दुखत होतं, हे खरंच होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

पण गाडी सोडायची म्हणजे काय, हे घरात कुणाला कळणार? ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. दिवसभर बाजूच्या सीटवर बसून, जादाच्या ब्रेकवर पाय ठेवून, दुसऱ्यांच्या चुकांवरून घसरत जायचं. संध्याकाळी या लाल गाडीत बसलं की स्टिअरिंग तिच्या हातात यायचं. एखाद्या तरुणाने हौसेने घेतलेली आणि लग्न ठरल्यावर विकलेली ती गाडी तिने स्वतःच्या कमाईतून घेतली होती. नवऱ्याला गाडी चालवता येत नव्हती. अख्ख्या गावाला शिकवणाऱ्या बाईने नवऱ्याला शिकवायचा एकदाच प्रयत्न केला आणि लग्न टिकावं म्हणून दोघांनी तो सोडून दिला. तो कामावर सायकलने जाई. त्याच्या वडिलांचं सायकलींचं दुकान होतं. त्यांच्या मागे दुकान गेलं, पण दुकानातला पायपंप घरात राहिला. दर रविवारी सकाळी घरातल्या झाडून सगळ्या चाकांत हवा भरायची, हा नवऱ्याचा नेम. अंगठ्याने टायर दाबायचा, दबला नाही की समाधानाने मान हलवायची. "बाबा म्हणायचे, टायर आणि माणूस ताठ असावा."

गाडीसाठी तो एवढं एकच करायचा. म्हणून तिने त्यात कधी तोंड घातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिकवण्या संपल्यावर तिने गाडी तडक गावातल्या स्प्रिंगवाल्या मेकॅनिककडे नेली. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत असेल की नाही, कोण जाणे. तो गाडीखाली शिरला, टॉर्च मारली आणि आतूनच बोलायला लागला.

"आधीच्या मालकाने गाडी खाली बसवलीय. छोट्या स्प्रिंगा टाकल्यात. दबायला जागाच नाही हो. खड्डा आला की गाडी रबराच्या ठोकळ्यावर जाऊन आपटते. आणि चाकं बघा, ही मोठी थोरली, वर टायर म्हणजे रबरबँड. बसणाऱ्याने जायचं कुठे?"

"दवाखान्यात," ती म्हणाली. "उपाय सांगा."

"मूळ उंचीच्या स्प्रिंगा, नवे शॉकअब्सॉर्बर, लहान चाकं आणि जाड टायर."

"दिसेल कशी?"

"शर्यतीचे बूट काढून चपला घातल्यासारखी. वळणावर थोडी झुकेलसुद्धा. वाईट वाटून घेऊ नका, वय झालं की सगळेच झुकतात."

"मी नाही झुकत."

"ते दिसतंयच," स्प्रिंगवाला बाहेर येत म्हणाला. "पण सोफा होणार नाही हां."

"सोफा हवाय कुणाला? सोफ्यावर झोप येते."

शनिवारी गाडी मिळाली. ती एकटीच फिरून आली. शाळेपुढचा गतिरोधक गाडीने असा ओलांडला, जसं एखादं शहाणं माणूस टोमणा ओलांडतं. घरी येताना ती चक्क गुणगुणत होती.

मंगळवारी सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवून ती निघाली. पहिल्याच गतिरोधकावर, "आई गं." दुसऱ्यावर, "अगं आई गं." दवाखाना येईपर्यंत सुनेचा चेहरा उतरला. शनिवारी मला गाडी मऊ वाटायला हवी होती म्हणून वाटली, असं तिने स्वतःला समजावलं. संध्याकाळी नवऱ्याने काही विचारलं नाही. न विचारण्याची त्याची एक तऱ्हा होती, ती विचारण्याहून वाईट.

बुधवारी ती स्प्रिंगवाल्यासमोर उभी राहिली. "फसवलंत मला."

त्याला राग आला. त्याने गाडी वर घेतली, एकेक नट हलवून बघितला, स्प्रिंगा बघितल्या, पुन्हा बघितल्या. काही सापडेना, तसा त्याचा आवाज खाली येत गेला. "हवा मी स्वतः भरली होती," असं पुटपुटत शेवटी, काहीतरी करायचं म्हणून, त्याने टायरला मीटर लावला. आणि मीटरकडे बघतच राहिला.

"बाई, ही हवा आहे की राग?"

"म्हणजे?"

"म्हणजे एवढी हवा ट्रकवाला पण विचार करून भरेल. घरी हवा कोण भरतं?"

मधे एक रविवार येऊन गेला होता, हे तिला आठवलं; स्प्रिंगवाला जादा हवा सोडत होता. शिकायला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी ती मीटर हातात द्यायची. आधी हवा, मग चावी, हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि स्वतःच्या गाडीची हवा तिने वर्षानुवर्षं एका सायकलवाल्याच्या अंगठ्यावर सोडली होती.

घरी आल्या आल्या ती नवऱ्याला म्हणाली, "आजपासून माझ्या गाडीच्या हवेला हात लावायचा नाही."

"अगं, पण बाबा म्हणायचे..."

"बाबा सायकली विकायचे."

त्याने पायपंप कोपऱ्यात सरकवला. तिलाही लागलं, पण शब्द मागे घेतला नाही. उलट पुढे म्हणाली, "रविवारी ते गृहस्थ यायच्या आत आईंना दवाखान्याच्या रस्त्याने फिरवून आणू. तुम्ही मागे बसा. आई एकदा जरी 'आई गं' म्हणाल्या, तर चावी मी स्वतः देईन. नाही म्हणाल्या, तर या घरात विक्रीचा विषय बंद."

नवरा लगेच कबूल झाला. आपल्या आईला तो ओळखून होता. दुखणं गिळणाऱ्यांतली ती नव्हतीच, ती दुखायच्या आधी ओरडायची.

रविवारी सकाळी तो सवयीने पंप घेऊन अंगणात आला. ती गाडीला टेकून उभी होती. पंप खाली ठेवून त्याने नुसताच अंगठा लावला. "मऊ आहे गं."

"असू दे. बसा."

मागच्या सीटवर त्याचे गुडघे हनुवटीला लागले. शाळेपुढचा गतिरोधक आला. गाडी वर गेली, खाली आली, बस्स. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. पाइपसाठी खणून बुजवलेला रस्ता आला. गाडी कुरकुरली, पण आपटली नाही. फरशीच्या खडबडीत गल्लीत सासूबाईंनी पर्स मांडीवर नीट धरली, तेवढंच. सून मात्र दुसऱ्या गिअरच्या वर जात नव्हती. अजून रेल्वेचं फाटक राहिलं होतं.

फाटकात रुळाशेजारी नवा खड्डा पडला होता. तिने वेग कमी केला, तरी उजवं चाक गेलंच. धप्प. सासूबाईंचं तोंड उघडलं. मागे नवरा पुढे वाकला.

"तुझ्या वेळेला," सासूबाई मान न वळवता लेकाला म्हणाल्या, "कळा सुरू झाल्या आणि तुझ्या बापाने मला सायकलच्या कॅरियरवर बसवून इस्पितळात नेलं. याच फाटकातून. टायर असा ताठ, की प्रत्येक खड्ड्याला वाटे, तू इथेच उतरतोस. तेव्हा ओरडले होते मी 'आई गं'. हे काही नाही."

"कधी बोलली नाहीस," नवरा हळूच म्हणाला.

"तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं."

सुनेने गिअर बदलला आणि समोर बघत राहिली, कारण बाजूला बघितलं असतं तर तिला रस्ता दिसला नसता.

परत आले तेव्हा ते गृहस्थ घराच्या फाटकाशी उभे होते. ते वाकून चाकांकडे बघायला लागले. "मोठी चाकं होती ना हो हिला? आणि किंमत..."

नवरा कसाबसा मागून बाहेर पडला, पाय झटकले. त्याने टायरवर अंगठा ठेवला, दाबला, दबला तसा राहू दिला. "हवा बरोबर आहे," तो त्या गृहस्थांना म्हणाला. "गाडी विकायची नाही."

सुनेने सासूबाईंच्या बाजूचं दार उघडून हात पुढे केला.

"मला कुठे उतरायचंय?" सासूबाई म्हणाल्या. "त्या फरशीच्या गल्लीतून परत एकदा ने. आणि जरा जोरात. मघाशी तू भीत भीत चालवत होतीस."