उजवा पाय

कान्हे गावची स्नेहल सातकर दक्षिण आफ्रिकेतून पायलट होऊन आली, इथले पेपर पुन्हा देऊन तिनं इथला परवानाही काढला. एका विमान कंपनीत को-पायलटच्या ट्रेनिंगसाठी तिची निवड झाली होती. गावात पेढे वाटून झाले होते. पण ती कुणाशी फारशी बोलत नव्हती.

लोहगडवाडीच्या सावित्राबाईंनी निरोप धाडला, "आमच्या करिष्मालाबी विमानाचं खूळ लागलंय. जरा समजावून सांग." करिष्मा बारावी सायन्स झालेली, सुट्टीत आईबरोबर लोहगडाच्या पायथ्याशी भज्यांचा स्टॉल चालवायची.

स्नेहल दुपारी वर गेली, तेव्हा सगळा डोंगर धुक्यात होता. ती स्टॉलच्या बाकावर बसली आणि सांगायला लागली.

"आपल्याकडं दोनशे तासांचं उड्डाण झालं की परवाना. नशीब असलं तर थेट मोठ्या विमानात को-पायलट. शिकवणारे बहुतेक वयानं मोठे. अमेरिकेत एअरलाइनला पंधराशे तास लागतात. ते भरायला पोरं इन्स्ट्रक्टर होतात, आधी दुसऱ्यांना शिकवतात. आफ्रिकेतही बरेच जण तसंच करतात, फक्त नव्या शिक्षकावर जुन्याची नजर असते."

"मंग तुमाला शिकवणारे लहानच आसतील?" करिष्मानं विचारलं.

"माझ्यापेक्षा लहान. नोमसा नाव तिचं."

"आता मोठं विमान चालवती?"

स्नेहलनं हातातल्या चहाकडं पाहिलं. "नाही. दुसऱ्या एका शिकणाऱ्या मुलाला घेऊन उडाली होती. समुद्रावरून अचानक धुकं आलं. दोघंही सापडली नाहीत."

भजी तळणाऱ्या सावित्राबाईंनी झारा खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "पोरी, मगाधरनं बघती मी. उजवा पाय सारखा भुईत का दाबतीस?"

स्नेहलनं पाय पाहिला. चपलेनं चिखलात खोल खळगा केला होता. विमान धावपट्टी सोडताना नाक डावीकडं ओढतं, ते उजव्या पायानं पेडल दाबून सरळ धरावं लागतं. नोमसा दर वेळी हेडफोनमधून "राइट फूट" सांगायची, शांतपणे, न रागावता. ती गेल्यावरही धुकं दिसलं की स्नेहलच्या कानात तो आवाज यायचा. घाटात यायचा, स्वयंपाकघरात कुकरची वाफ दाटली तरी यायचा. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मला दाखवा की," करिष्मा म्हणाली.

स्नेहलनं दोन विटा तिच्या पायांशी ठेवल्या, हातात लाटणं दिलं आणि स्वतः शेजारी बसली. "हळूहळू वेग वाढतोय. समोर बघ."

करिष्मानं धुक्यात नजर लावली. तेवढ्यात आवाज आला, "उजवा पाय." करिष्मानं विटेवर पाय दाबला.

स्नेहलच्या अंगावर काटा आला. शब्द तिच्याच तोंडून निघाले होते, पण सूर नोमसाचा होता, शेवटचं अक्षर जरासं लांबवणारा. करिष्मानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"ताई, तुमचा आवाज येगळाच वाटला."

"भीती वाटली?"

"न्हाई. बरं वाटलं."

त्या संध्याकाळी स्नेहलनं कंपनीला नकार कळवला आणि वडिलांना सांगितलं, "आबा, मी आधी शिकवणार आहे. त्याची वेगळी परीक्षा आहे, वेगळं ट्रेनिंग."

महिपती सातकर गोठ्यात वैरण टाकत होते. ते म्हणाले, "मोठं इमान सोडून?"

"सोडत नाही. उशिरा चालवीन."

"त्या गेलेल्या पोरीमुळं?"

स्नेहल चपापली. आबांना कुठून कळलं असेल?

"झोपेत तिचं नाव घेतीस तू," ते म्हणाले. "तिच्या आईला कदी फोन केलास का?"

केला नव्हता. काय बोलणार होती ती?

आबा गोठ्यातच उभे राहिले. स्नेहलनं नोमसाच्या जुन्या मेसेजमधून तिच्या घरचा नंबर शोधला आणि लावला. पलीकडं बराच वेळ रिंग वाजली. मग कुणी तरी "हॅलो" म्हणालं. शेवटचं अक्षर जरासं लांबवणारा तोच आवाज होता.

"मी स्नेहल," ती कशीबशी इंग्रजीत म्हणाली. "नोमसानं मला शिकवलं."

नोमसाच्या आईनं विचारलं, "चांगली शिकवायची का गं ती? आम्ही कुणी तिला शिकवताना कधी पाहिलंच नाही."

स्नेहल गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली आणि पहिल्या दिवसापासून सांगू लागली.